गाजरगवताच्या जागी शेवगा लावा!

मृग लागला की आपल्या गावात वृक्षारोपणाचे फोटो यायला लागतात. एक रोप, त्याला लागलेले बारा हात, मागे बॅनर. पुढच्या मार्चमध्ये त्या खड्ड्यात काय उरलंय, हे बघायला कुणी जात नाही. बातमी फोटोपुरती, रोपही फोटोपुरतं.

यंदा एक वेगळी मागणी करू या. शोभेचं नको, खायचं लावा. घरी लावाच, पण कॉलनीत पडून असलेल्या खुल्या जागेतही लावा.

पूर्वी परसदारी मोरीच्या पाण्यावर अळू वाढायचं, कोपऱ्यात कढीपत्ता असायचा, कुंपणावर दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल. भाजी आणायला पैसे नसले तरी दोन घास पोटात जायचे. आता परसात पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यावर गाडी उभी आहे. सगळं चकाचक. आणि दहा रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत!

सुरुवातीला विकत काही आणावं लागत नाही. स्वयंपाकघरातले धणे हलकेच रगडून दोन भाग करून पेरा. मेथीदाणे पेरले तर साधारण महिन्याभरात कोवळी भाजी कापता येते. पुदिन्याची काडी, मायाळूचा तुकडा, पानांच्या ओव्याची फांदी, गवती चहाचा ठोंब हे शेजाऱ्याकडे मागून मिळतं. तेलाचा रिकामा डबा चालतो, सिमेंटची गोणी धुऊन घेतली तर तीही चालते. फक्त खाली भोकं पाडा. पाणी साचलं की मुळं कुजतात. पाण्याचं म्हणाल, तर तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी चार-सहा कुंड्यांना पुरतं. साबणाचं मात्र नको.

फुलांचं तर वेगळंच आहे. भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. ते बाजारात टिकणार कसं? म्हणून बेसनात बुडवून केलेली त्या फुलांची भजी ज्याच्या दारात वेल आहे त्यालाच खायला मिळतात. लांब बारीक देठाची नर फुलं तोडायची, मागे इवलासा भोपळा धरलेलं मादी फूल ठेवायचं. मधमाश्यांसाठी काही नर फुलंही राहू द्यायची, नाहीतर फळच धरणार नाही. हादग्याच्या फुलांची आतला केसर काढून केलेली भाजी किंवा शेवग्याच्या फुलांची पीठ पेरून केलेली भाजी आज किती घरांत होते? झाड गेलं, त्याच्यामागे भाजी गेली. आता तिची आठवणही चाललीय.

एक इशारा. दिसेल ते फूल तोंडात घालू नका. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. हारवाल्याकडची फुलंही खायची नाहीत, त्यांच्यावर कसली फवारणी झालीय ते आपल्याला कळत नाही.

काहीजण म्हणतील, सगळ्यांनी घरी भाजी लावली तर शेतकऱ्याचं काय? 2023 आठवा. मे महिन्यात भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले आणि जुलैत तोच टोमॅटो बाजारात शंभरीपार गेला. हा खेळ तुमच्या-माझ्या कुंडीमुळे झाला नाही. कुंडीतून कुटुंबाची वर्षाची भाजी निघत नाही, तसा दावा कुणी करत असेल तर तो थाप मारतोय. निघते ती मूठभर ताजी पालेभाजी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्ताची कमतरता असल्याचं दिसलं. पाला हे काही औषध नाही, पण ज्या ताटात पालेभाजी येतच नाही तिथे मूठभरही मोलाची आहे.

आता खरा मुद्दा. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांना भाजी परवडते. ज्यांना परवडत नाही ते एका खोलीत भाड्याने राहतात, तिथे कुंडी ठेवायलाही जागा नसते. त्यांनी कुठे लावायचं?

जागा आहे. मोठ्या लेआउटला मंजुरी मिळताना साधारण 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. आपल्या गावातल्या या ‘ओपन स्पेस’ एकदा फिरून बघा. गाजरगवत, दारूच्या बाटल्या, बांधकामाचा राडारोडा. काही ठिकाणी आधी एक टपरी, मग एक भिंत आणि मग जागाच गायब. रिकामी जागा राखायला कुणी नसलं की ती कुणीतरी खातंच.

नगरपालिकेने सर्वसाधारण सभेत एक साधा ठराव करावा. प्रत्येक वॉर्डातली एक खुली जागा महिला बचत गटाला किंवा रहिवाशांच्या गटाला अकरा महिन्यांच्या कराराने भाजी लावायला द्यावी. पक्कं बांधकाम नाही, मालकी हक्क नाही. नळाचं एक कनेक्शन द्यावं आणि ओल्या कचऱ्यापासून होणारं खत द्यावं. नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी नको, ही अट करारातच घालावी. कुंपणाला शेवगा आणि हादगा, मधे पालेभाज्या. एवढ्याने कुठल्याही पालिकेची तिजोरी रिकामी होत नाही.

‘चोऱ्या होतील’ म्हणणारे असतीलच. होतील. चार शेंगा जातील. आज अख्खी जागा जातेय, त्याचं काय?

बियाणं नाही, हेही कारण चालणार नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाणं जपलं, वाटलं, आणि 2020 ची पद्मश्री त्यांच्या नावावर लागली. त्यांनी काही पालिकेच्या ठरावाची वाट पाहिली नव्हती.

तर दोन कामं करा. या आठवड्यात घरात मेथी पेरा. आणि तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला विचारा, आपल्या खुल्या जागेचा सर्व्हे नंबर काय आणि आज तिथे काय आहे? मिळालेलं उत्तर खाली लिहा, जागेचा फोटो टाका. पुढचा पाठपुरावा करायला मी आहेच.