गोलपोस्टमागचा माणूस

(एस. वाय. बी. ए.)

सामना पाहायला गेलेला माणूस गोल झाला की उठून उभा राहतो. पण मैदानावर एक माणूस असा असतो की ज्याला गोल झाल्यावर उभे राहण्याची मुभाच नसते. तो म्हणजे गोलपोस्टमागे बसलेला वृत्तपत्राचा छायाचित्रकार.

गेल्या हंगामात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मला गोलच्या मागच्या अंगाला जागा मिळाली. गोल झाला, सारे स्टेडियम उभे राहिले, मीही नाचलो. तो मात्र कॅमेऱ्याला डोळा लावून बसूनच होता. तेव्हापासून त्याचा विचार डोक्यातून जात नाही.

हे काम वाटते तितके सोपे नाही. मोठ्या व्यावसायिक सामन्यांत त्याला जाहिरातींच्या फलकांमागे, ठरवून दिलेल्या जागीच बसावे लागते. 400 मि.मी.ची, सुमारे तीन किलो वजनाची लेन्स एका पायाच्या स्टँडवर तोलायची आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात क्षण पकडायचा. आज छायाचित्र मैदानातूनच काही मिनिटांत कचेरीत पोहोचते. त्यामुळे घाई उलट वाढली आहे. आवडता संघ जिंकला तरी टाळी वाजवायला हात मोकळे नसतात.

22 जून 1986 रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर अर्जेंटिना आणि इंग्लंड यांचा विश्वचषकाचा सामना झाला. मॅराडोनाने चेंडू हाताने गोलमध्ये ढकलला. पंचांना तो हात दिसला नाही. गोल ग्राह्य ठरला आणि अर्जेंटिनाने सामना 2-1 असा जिंकला. मेक्सिकोचे छायाचित्रकार अलेहांद्रो ओहेदा कार्बाखाल यांच्या कॅमेऱ्याने मात्र तो हात नेमका टिपला. 'देवाचा हात' साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण तो टिपणारा माणूस कितीजणांना ठाऊक आहे?

कोणी म्हणेल, आता टी.व्ही.वर सारे पुन्हा पुन्हा दाखवतात, पंचांच्याही मदतीला व्हिडिओ आला, मग छायाचित्र हवे कशाला? माझ्या मते पडद्यावरचे चित्र पुढे सरकते आणि आपणही पुढे सरकतो. छायाचित्र मात्र कापून वहीत ठेवता येते, वर्षांनी काढून पाहता येते.

माझे वडील गवंडी आहेत. त्यांनी बांधलेल्या एकाही इमारतीवर त्यांचे नाव नाही. कोनशिलेवर नाव असते ते उद्घाटन करणाऱ्याचे. म्हणूनच, नाव नसलेले छायाचित्र छापलेले दिसले की मला ते लागते. नाव छापायला जागा ती किती लागते? एक ओळ!

आपल्या या वार्षिक अंकातही क्रीडाविभागाची छायाचित्रे दरवर्षी असतात. ती कोणी काढली, हे यंदापासून त्यांच्याखाली छापावे, एवढीच संपादक मंडळाला माझी नम्र विनंती आहे.