मोठ्यांच्या खेळण्यांची बाजू

पन्नाशीतला माणूस सोन्याचं नाणं विकत घेऊन तिजोरीत ठेवतो तेव्हा त्याला कुणी वय विचारत नाही. तोच माणूस लेगोचा खोका किंवा आगगाडीचं छोटं इंजिन घेऊन घरी निघाला, की लिफ्टमध्येच चौकशी सुरू होते : ‘कुणासाठी? नातवासाठी का?’ ‘माझ्यासाठी’ हे उत्तर ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटते, तिचा समाचार घेणं हा या लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू जरा अवघड आहे. या छंदाची बाजू घेणारे काही जण विरोधकांपेक्षाही त्याचं जास्त नुकसान करत असतात. त्यांनाही दोन शब्द सुनावायचे आहेत.

आधी पूर्वपक्ष. आक्षेप मुख्यतः चार. एक, हा पोरखेळ आहे. दोन, ही उधळपट्टी आहे. तीन, दुसऱ्याने आखून दिलेल्या पुस्तिकेप्रमाणे ठोकळे जोडण्यात किंवा विकतचं इंजिन विकतच्या रुळांवर फिरवण्यात निर्मिती कसली? चार, हे सगळं प्लास्टिक आहे, घर अडवतं आणि त्यावरची धूळ भलत्यालाच पुसावी लागते.

पोरखेळाच्या आक्षेपात एक गृहीत दडलेलं आहे : आकाराने लहान ते लहानांचं. निदान महाराष्ट्राने तरी असं बोलू नये. दिवाळीतल्या किल्ल्याचा बुरुज कुठे आणि माची कुठे, यावर पोरांपेक्षा त्यांचे बापच जास्त वाद घालतात. पुण्यातले गणपतीचे हलते देखावे पाहायला रात्री रांगा लागतात, आणि त्यामागे मोटारी, कप्प्या, दोऱ्या जुळवणारे हात मोठ्यांचेच असतात. दहा दिवस मंडपात ज्या कसबाचं कौतुक, तेच अकराव्या दिवशी घरातल्या टेबलावर पोरकट कसं ठरतं?

इतिहासही या आक्षेपाच्या बाजूने नाही. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो झालं आणि १९२० पासून हॉर्नबीच्या आगगाड्याही बाजारात आल्या. मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी १९३४ मध्ये डिफरेन्शियल समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं, ते मुख्यतः मेकॅनोच्याच भागांतून. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब निघाला. वरच्या टेबलावर गाड्या धावायच्या आणि टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रिलेंचं जाळं कोणती गाडी कुठे जाईल ते ठरवायचं. ते जाळं गुंफणाऱ्यांतलेच काही जण पुढे विद्यापीठाच्या संगणकांकडे वळले. १९६२ चा ‘स्पेसवॉर’ हा संगणकीय खेळ लिहिणारा स्टीव्ह रसेल याच क्लबातला.

पण एवढ्यावरून छाती फुगवण्याचं कारण नाही. घरोघरचे ठोकळेवाले काही हार्ट्री होत नाहीत. या उदाहरणांतून एवढंच सिद्ध होतं की खेळण्याच्या डब्यावर छापलेलं वय ही डब्याची गोष्ट असते, बुद्धीची नव्हे.

आता पैसा. मोठा संच किंवा चांगलं इंजिन अनेक हजारांना पडतं, हे खरं. त्यातला बराच भाग सरकारी तिजोरीत जातो, हेही खरं. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. छोट्या आगगाड्यांची इंजिनंही त्याच कचाट्यात सापडली. तरीही ऐपतीबाहेरचा खर्च हा दोषच, त्याची वकिली करणार नाही. पण तो दोष माणसाचा, छंदाचा नव्हे. कर्ज काढून लग्नात पाचशे पानं उठवणाऱ्याला समाज हौशी म्हणतो, आणि महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकून वर्षाकाठी एक डबा घेणाऱ्याला उधळ्या! शिवाय पहिला खर्च एका संध्याकाळी संपतो. ठोकळे मोडून पुन्हा जोडता येतात. लेगोच्या आजच्या ठोकळ्याची रचना २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झाली, आणि त्या वर्षीचा ठोकळा आज कारखान्यातून निघालेल्या ठोकळ्यात घट्ट बसतो. साठ-पासष्ट वर्षं सुटा भाग मिळण्याची अशी हमी आपल्या मिक्सरला नाही, मोबाइलला तर नाहीच.

तिसरा आक्षेप सर्वांत सुशिक्षित, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. पुस्तिका पाहून जोडणं ही निर्मिती नाही, हे मान्य. पण ती तालीम आहे. नवशिका गायक गुरूची बंदिश जशीच्या तशी घोकतो, त्याला आपण नक्कल म्हणत नाही. पुस्तिकेप्रमाणे जोडताना हाताला कळतं, की भिंत ताठ राहावी म्हणून सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत आणि ठोकळा आडवा फिरवला की त्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, बाजूला तोंड करतात, मग वक्र पृष्ठभागही साधता येतो. पुढची वाट किती रुंद आहे? दोन गुणिले चार स्टडचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घ्या. लेगो कंपनी अनेक वर्षं सांगत असे की ते दहा कोटींहून थोड्या जास्त प्रकारे जोडता येतात. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी हिशेब तपासला, तेव्हा दिसलं की त्यात फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते. खरा आकडा निघाला ९१,५१,०३,७६५. सहा ठोकळ्यांत एक्याण्णव कोटी शक्यता असताना ‘यात करण्यासारखं काय आहे?’ असं विचारणाऱ्याने डबा उघडलेलाच नसतो.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मान झुकवावी लागते. लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएस प्लास्टिकचे आहेत. जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून ठोकळे करण्याचा प्रयत्न कंपनीने २०२३ मध्ये सोडून दिला. ठोकळा कचऱ्यात जात नाही, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, एवढाच बचाव उरतो. आणि घराचं काय? दोन खोल्यांच्या जागेत एक भिंत नवऱ्याच्या रुळांनी व्यापायची, ‘हात लावू नकोस’ अशी बायकोला तंबी द्यायची आणि झाडलोट मात्र तिच्याकडे, हा प्रकार या छंदात सर्रास चालतो. तिचं विणकाम, तिची रांगोळी ही घरकामाची शेपटी आणि याची आगगाडी म्हणजे छंद, ही वाटणी अन्यायाची आहे. ज्याचे रूळ, त्याने धूळ पुसावी. या मुद्द्यावर विरोधकांची बाजू बिनतोड आहे.

विरोधकांचा हिशेब झाला. आता आपल्या माणसांकडे वळू.

छंदाला नावं ठेवली की बरेच संग्राहक घाईघाईने म्हणतात, ‘अहो, ही गुंतवणूक आहे. बंद झालेल्या संचाची किंमत चौपट होते.’ हा बचाव लाजिरवाणा आहे आणि कच्चाही आहे. २००८ मध्ये लेगोने ५,९२२ भागांचा ताजमहाल काढला. तो बंद झाला तशी न उघडलेल्या खोक्याची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट चढली आणि अनेकांनी खोके दडवून ठेवले. २०१७ च्या अखेरीस कंपनीने तोच ताजमहाल जवळपास जसाच्या तसा, एक भाग जास्त घालून, पुन्हा विकायला काढला. साठेबाजांचे भाव कोसळले. ज्यांनी खोका उघडून तो मकबरा बांधला होता, त्यांचं काहीच गेलं नाही. न उघडलेला खोका हा संग्रह नव्हे, माल आहे. मालाचा व्यापार खुशाल करावा, पण त्याला छंद म्हणू नये.

दुसरी पळवाट मनःशांतीची. २०२० पासून लेगोच्या मोठ्यांसाठीच्या काळ्या खोक्यांवर १८+ छापलं जाऊ लागलं आणि ठोकळ्यांची जाहिरात ताण घालवणाऱ्या औषधासारखी होऊ लागली. ताण जात असेलही, त्याला ना नाही. पण पेटी वाजवणाऱ्याला आपण ‘रक्तदाब कमी होतो का?’ असं विचारत नाही. चांगल्या गोष्टीला औषधाच्या दुकानातून प्रवेश द्यावा लागतो, तेव्हा ती चांगली आहे यावर आपलाच विश्वास नसतो.

मग या छंदाचं खरं बळ कशात आहे? मापात. मोठी गोष्ट लहान करायला बसलं की ती मुळात काय आहे, हे कळल्यावाचून सुटका नसते.

एच-ओ म्हणजे एकास सत्त्याऐंशी. या मापात रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर धरतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेलं आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. ती खऱ्या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवी. म्हणजे भारतीय इंजिनाचं मॉडेल बाजारातल्या रुळांवर ठेवलं की ते पावणेतीन मिलिमीटरने अवघडून उभं राहतं. काही जण तेवढ्यासाठी स्वतःचे रूळ घडवतात, बाकीचे डोळेझाक करतात. आपल्या ब्रॉडगेजचं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं, म्हणजे एच-ओमध्ये दोन मीटर. गाडी पूर्ण फिरवायला चार मीटर रुंदीची खोली हवी! चोवीस डब्यांची गाडी सात मीटरच्या आसपास भरते. १८५३ चा बोरीबंदर ते ठाणे हा चौतीस किलोमीटरचा मार्ग मांडायचा तर तीनशे नव्वद मीटर रूळ लागतील.

एवढी जागा कुणाकडेच नसते. म्हणून निवड करावी लागते आणि त्या निवडीत माणसाचा कस लागतो. डेक्कन क्वीन सहा डब्यांत बसवायची तर कोणते सहा? डायनिंग कार वगळली तर ती कुठलीही गाडी होईल, म्हणून ती ठेवावीच लागते. भोर घाटात एकेकाळी मालगाड्या ओढणारं, रेल्वेतल्या मंडळींनी ‘खेकडा’ म्हटलेलं डब्ल्यूसीजी-१ हे इंजिन करायचं तर मधली केबिन आणि दोन्हीकडची लांब नाकाडं एकसंध का नाहीत, हे समजून घ्यावं लागतं. घाटातल्या वळणांवर लांब इंजिनाला अंग मोडता यावं, म्हणून ती सांध्यांनी जोडलेली आहेत. हे ज्याने हाताने केलं, तो दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयातल्या खऱ्या खेकड्यापुढे नुसता फोटो काढून पुढे सरकणार नाही.

ठोकळ्यांतही हीच शिस्त. दोन स्टडमधलं अंतर आठ मिलिमीटर, पातळ प्लेटची जाडी ३.२ मिलिमीटर. आपला सव्वातीन मीटर रुंदीचा डबा आठ स्टडमध्ये बसवला की माप साधारण एकास पन्नास येतं. म्हणजे एका प्लेटचा थर खऱ्या डब्यावरच्या सोळा सेंटिमीटरइतका. खिडकीखालचा पट्टा एका थराचा की दोन थरांचा, हे ठरवायला खरा डबा पुन्हा पाहावा लागतो. इतक्या बारकाईने पाहणं आपल्याला दुसरं कोण शिकवतं?

आणि संग्रह? पुण्यात दिनकर केळकर जुने दिवे, अडकित्ते, फण्या गोळा करत हिंडत तेव्हा त्या वस्तू बहुतेकांच्या लेखी अडगळच होत्या. १९७५ मध्ये त्यांनी तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला आणि आज आपल्या आजी-पणजीचं घर पाहायला आपण तिकीट काढून जातो. त्याच पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये उघडलेलं ‘मिनियातुर वुंडरलँड’ पाहायला जगभरातून माणसं येतात. या तिन्ही ठिकाणी संग्रह कपाटातून बाहेर आला, म्हणून तो संग्राहकाच्या एकट्याचा राहिला नाही.

तेव्हा निकाल असा. ठोकळे आणि रूळ यांची आवड पोरकट नाही, पापही नाही. ती कारागिरी आहे, आणि कारागिरीला वयाचा दाखला लागत नाही. मात्र कारागिरीचा मान हवा तर कारागिराचे नियम पाळावे लागतील : ऐपतीत राहा, घरच्यांची जागा बळकावू नका, आपली धूळ आपण पुसा आणि भावाच्या आशेने खोके झाकून ठेवू नका. संच उघडा, बांधा, मोडा, पुन्हा बांधा. गाडी रुळांवर धावू द्या आणि शेजारच्या पोरांनाच काय, त्यांच्या आजोबांनाही पाहायला बोलवा.