पाडव्याला पोराची पहिली गाडी: जीएसटी उतरला, पण गाडी कुणाच्या नावावर घेताय?

२०२५ मध्ये पाडवा २२ ऑक्टोबरला होता. औसा, निलंगा, रेणापूर भागात ज्या घरात अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं आहे, त्या घरात तेव्हा एकच विषय चालू होता, गाडी. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीनची माती केली, बाजारात भाव हमीभावाच्या खाली होता, तरी हा विषय काही मागे पडला नाही. कारणही तसंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

आता हिशोब बघा. आधी शोरूमची किंमत ८० हजार असलेली साधी गाडी आता साधारण ७३,७५० ला बसते, म्हणजे सव्वासहा हजार वाचले. तीच किंमत आधी दीड लाख असेल, तर साधारण पावणेबारा हजार वाचतात. इथंच पोरगं बापाला पकडतं. "मोठ्या गाडीवर सूट जास्त आहे, पप्पा." सूट जास्त आहे हे खरं, पण गाडी किती महाग आहे ते त्यात झाकलं जातं. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्या भावानं मोजलं तरी साधी गाडी म्हणजे जवळपास १४ क्विंटल, मोठी म्हणजे २६ क्विंटल. आणि हा हमीभाव हातात पडतो कुणाला! त्यावर आरटीओचा कर आणि विमा वेगळा. हप्ता दर महिन्याला येतो, आपला माल मात्र वर्षातून एकदा-दोनदाच बाजारात जातो.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वजनाची आहे. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीचं वजन साधारण ११२ किलो. पल्सर एनएस २०० चं दीडशेच्या वर, बुलेटच्या जातीतल्या ३५० सीसी गाडीचं १९५ च्या आसपास. नवीन शिकणाऱ्याची गाडी पडते ती बहुतेक वेळा वेगात नाही, तर वळवताना, चिखलात थांबताना, चढावर बंद पडल्यावर. अशा वेळी दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले आणि गाडी पेलली तर वाचतो. मी स्वतः चुलत्याच्या जुन्या शंभर सीसीवर शिकलो, दोनदा बांधावर आडवा झालो. आरसा फुटला, गुडघा सोलला, भागलं. एनएस २०० चं इंजिन स्प्लेंडरच्या साधारण तिप्पट ताकदीचं आहे. मनगट थोडं जास्त पिळलं गेलं तर ती बांधावर थांबत नाही.

पोरांचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. १२५ आणि त्याखालच्या गाड्यांना २०२५ मध्ये सीबीएस चालत होतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. ओल्या रस्त्यावर एबीएस केव्हाही चांगलं. पण त्यासाठी दोनशे सीसीवर जायची गरज नाही, काही १२५ सीसी मॉडेलमध्येही एबीएसचा पर्याय मिळतो. शोरूममध्ये तेवढं विचारा. आणि मागची सीट बघा. आईला दवाखान्यात न्यायचंय, दुधाची किटली न्यायचीय, कधी खताचं पोतं. उंच उचललेल्या तुटक सीटवर यातलं काय बसतं?

आता ज्या गोष्टीवर घरात कुणी बोलत नाही ती. कर्ज बापाच्या नावावर, म्हणून गाडी बापाच्या नावावर, चालवणार पोरगं. विम्यासोबत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर येतं, ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी आणि त्याच्याकडे चालू लायसन असेल तरच. गाडी बापाच्या नावावर आणि अपघात पोराचा, तर या कव्हरमधून त्या घराला एक रुपया येत नाही. बापाकडे लायसनच नसेल तर त्याच्यासाठीही ते कव्हर कागदावरच. पोराला लायसन नसताना त्यानं कुणाला उडवलं, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यात जमीनही निघू शकते. म्हणून पोरगं अठरा पूर्ण असेल तर गाडी त्याच्याच नावावर घ्या, बाप कर्जाला जामीन राहू शकतो का ते बँकेत विचारा. ते जमत नसेल तर पोराचा अपघात विमा वेगळा काढा. बँकेतला वीस रुपये वर्षाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा दोन लाखांचा आहे. १५ लाखांपुढे तो काहीच नाही, पण शून्यापेक्षा बरा.

पोरगं सतरा वर्षांचं असेल तर विषयच संपला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. २०१९ पासून कायदा असा आहे.

हेल्मेटचे पैसे गाडीच्या पैशातच धरा, आयएसआय शिक्का बघून. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं मेली, त्यात पन्नास हजारांहून जास्त हेल्मेट नसलेली होती. आपल्याकडे दरवर्षी कारखाने सुरू होतात. रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसेपर्यंत जवळ आलेली असते.

जुनी गाडी घेणार असाल तर पहिल्या गाडीसाठी तो वाईट सौदा नाही, पडायचीच आहे ती. पण आरसी लगेच नावावर करून घ्या. "नंतर बघू" म्हणून सोडलेल्या गाड्या आधीच्या मालकाच्या नावावर वर्षानुवर्षं फिरतात आणि अपघात झाला की दोघंही अडकतात.

राहिलं लायसन. शिकाऊ लायसनचा अर्ज ऑनलाइन होतो, पण पक्क्या लायसनची चाचणी त्यानंतर तीस दिवसांनीच देता येते. म्हणजे आज अर्ज केला तरी महिना जाणार. तोवर गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा, आणि शिकवणारा लायसनवाला सोडून मागे कुणालाही बसवायचं नाही. मित्रालाही नाही, भाऊबीजेला बहिणीलाही नाही.