कार्बोरेटरवर आळ

अब्बांची आरएक्स 100 जिन्याखालून बाहेर काढली तेव्हा तिला नऊ वर्षं कुणी किक मारलेली नव्हती. टाकीत गंज, टायरला भेगा, आणि पेट्रोलच्या नळीचा हात लावताच तुकडा पडला. 1992 चं मॉडेल. अब्बांनी पगारातून हप्ते फेडून घेतलेली. ते गेल्यावर विकायला कुणाचं मन झालं नाही आणि चालवायलाही झालं नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला, तेव्हा मी ठरवलं की हिला चालू करायचीच.

चालू झाली. खरं दुखणं तिथूनच सुरू झालं.

थंड असताना गाडी छान धरायची. गरम झाली की आयडलिंग जागेवर राहत नसे. मूठ सोडली तरी रेस खाली यायला वेळ लागायचा, इंजिन वरच्या वर ओरडत राहायचं. अर्ध्या मुठीला मध्येच दम जायचा. चोक थोडा ओढला की बरी चालायची. प्लग काढला तर पांढराफटक. हे सगळं मी गॅरेजवाल्याला सांगितलं. त्यानं अर्धं ऐकलं आणि म्हणाला, “कार्बोरेटर चॉक झालाय. साफ करून देतो.”

साफ केला. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा साफ केला. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या गॅरेजवाल्यानं जुना मिकुनी फेकून द्यायला सांगितलं आणि बाजारातला नवा, नक्कल केलेला कार्बोरेटर बसवला. एक दिवस फरक वाटला. नव्या वस्तूचा एक दिवस फरक वाटतोच.

मग मी स्वतः पेचकस हातात घेतला. ही चूक मात्र माझी. कुणीतरी सांगितलं होतं की स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. काही कार्बोरेटरमध्ये ते खरं आहे. पण जिथं स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, तिथं. आरएक्सच्या कार्बोरेटरला आहे तो एअर स्क्रू. तो बाहेर काढला की हवा वाढते, म्हणजे मिश्रण आणखी पातळ होतं. आधीच पेट्रोलला तरसणाऱ्या इंजिनचा घास मी स्वतःच्या हातानं आणखी कमी केला.

कोल्हापूरहून पन्हाळ्याला निघालो होतो, मागे अकरा वर्षांची लेक. वाघबीळच्या पुढं चढ लागला, तिसऱ्या गिअरला मूठ वाढवली आणि मागचं चाक एकदम जाम झालं. पिस्टन धरला होता. क्लच दाबायला हात कसा गेला ते मला आजही सांगता येणार नाही. गाडी वाकडी होत कडेला थांबली, पाठोपाठ उसाची ट्रॉली आमच्या शेजारून गेली. लेक काही बोलली नाही. घरी येईपर्यंत तिनं माझा शर्ट सोडला नाही.

टू-स्ट्रोकचं हे एक लक्षात ठेवायला हवं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली वेगळं असतं, ते आपलं काम करत राहतं. इथं पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला मिळणारं ऑइल पेट्रोल-हवेबरोबरच आत येतं. मिश्रण पातळ झालं की उष्णता वाढते आणि पिस्टन ब्लॉकला धरतो. म्हणून टू-स्ट्रोकवर ‘बघू थोडं फिरवून’ हा प्रयोग महाग पडतो.

ब्लॉक बोअर करायला उद्यमनगरात गेलो. तिथले एक म्हातारे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी कार्बोरेटरकडं पाहिलंसुद्धा नाही. डावीकडचं कव्हर उघडलं, पुलर लावून मॅग्नेट काढला आणि त्यामागच्या ऑइल सीलला नख लावलं. सील प्लॅस्टिकसारखं कडक. ओठ फाटलेला.

“हवा इथनं आत जात्या. तू कार्बोरेटर कितीबी धू.”

नऊ वर्षं इंजिन फिरलंच नाही. रबर एका जागी वाळून गेलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपासारखा काम करतो. पिस्टन वर गेला की तिथं ओढ तयार होते आणि ती फक्त कार्बोरेटरमधूनच भागायला हवी. सील फाटलं की कोरी हवा मागच्या दारानं आत शिरते आणि कार्बोरेटरला तिचा पत्ताही लागत नाही. मूठ सोडल्यावर रेस वर लटकते ती याच हवेमुळं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं असतं तर गिअरचं ऑइल ओढलं गेलं असतं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघाले असते. चाचांनी दोन्ही सील बदलली. कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधला रबरी जॉइंटही बदलला, त्यालाही बारीक चिरा होत्या. ब्लॉक बसवल्यावर दोन्ही तोंडं बुचं मारून बंद केली, सायकलच्या पंपानं थोडीशी हवा भरली आणि जोडावर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा आला नाही तेव्हाच म्हणाले, “आता लाव तुझा कार्बोरेटर. जुनाच लाव.”

माझी तक्रार गॅरेजवाल्यांच्या हेतूबद्दल नाही. कार्बोरेटर बाहेर असतो, दोन-चार स्क्रूत सुटतो, पेट्रोलनं धुऊन फुंकर मारली की गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं दिसतं. सीलसाठी पुलर लागतो, वेळ लागतो आणि ‘कदाचित’ म्हणावं लागतं. गिऱ्हाइकाला ‘कदाचित’ ऐकायचं नसतं, मलाही नव्हतं. हात जिथवर पोचतो तिथंच आजार असेल, असं आपण दोघं मिळून ठरवतो.

चाचांची पद्धत उलटी. गाडी दोन किलोमीटर जाऊन बंद पडते आणि थोडं थांबल्यावर सुरू होते? आधी टाकीचं झाकण उघडा. आत ‘सुस्स’ आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, कार्बोरेटर निर्दोष. मग नळी काढून कॉक सोडायचा, धार सलग येते का बघायची. मग प्लगचा रंग. मग एअर फिल्टर, आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचलाय का. चालत्या इंजिनाच्या रबरी जॉइंटवर क्लीनरचा फवारा मारून आवाज बदलतो का ऐकायचं. एवढं झाल्यावर कार्बोरेटरची पाळी.

तेव्हाही ‘कार्बोरेटर खराब’ म्हणून चालत नाही, कुठला भाग ते सांगावं लागतं. मुठीवर कागदी टेप चिकटवायची, चौथाई, अर्धी, पाऊण अशा खुणा करायच्या आणि गाडी नेमकी कुठं अडखळते ते बघायचं. आयडलिंगला आणि जेमतेम उघडलेल्या मुठीला त्रास असेल तर पायलट जेट आणि एअर स्क्रू. चौथाई ते पाऊण या पट्ट्यात नीडल. पूर्ण मुठीला मेन जेट. पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची उंची आणि त्याखालची सुई. आणि जेटमध्ये स्टीलची तार घालू नका, हे मी हात जोडून सांगतो. पितळ मऊ असतं. केसभर भोक वाढलं की जेटवरचा आकडा खोटा ठरतो, आणि पुढच्या मिस्त्रीला ते कळतही नाही.

हल्ली सगळ्याचं खापर इथेनॉलवर फोडण्याचीही पद्धत पडली आहे. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. म्हणून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या जेटमधून गेलं की मिश्रण थोडं पातळ होतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून स्वतःला सावरते, कार्बोरेटरला ती अक्कल नाही. जुनं रबर फुगतं किंवा चिरतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळं उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. जुन्या गाड्यांसाठी पंपावर कमी इथेनॉलचा पर्याय ठेवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण माझं सील इथेनॉलनं फाडलेलं नव्हतं. ते मी आणि माझ्या भावांनी नऊ वर्षं जिन्याखाली फाडलं. आता गाडी चार दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो.

काळजी दुसरीच आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेला. चाचांकडची पोरं स्कॅनर लावून कोड वाचतात, हुशार आहेत. पण रेस लटकल्याचा आवाज ऐकून मॅग्नेटकडं हात जाणं हे स्कॅनर शिकवत नाही. आमच्या मोहल्ल्यात ‘शिकत नाही ना, मग लावा गॅरेजला’ असं म्हणून पोरांना त्या कामाला लावलं गेलं, जणू तिथं शिकण्यासारखं काही नसतंच. चाचांनी चाळीस वर्षांत एक ओळ लिहून ठेवलेली नाही. मी विचारलं तेव्हा हसले, म्हणाले, “कोण वाचणार?” आता शुक्रवारी दुपारनंतर वही घेऊन त्यांच्याकडं बसतो. निम्मा वेळ ते मलाच पाना धरायला लावतात.

ब्लॉक पहिल्या ओव्हरसाइजला गेलाय. अब्बांच्या वेळचा मूळ पिस्टन कपाटात आहे, एका बाजूला उभे ओरखडे. प्लग आता चहाच्या रंगाचा निघतो. लेक गाडीला हात लावते, किकसुद्धा मारते. मागे बसायला मात्र अजून तयार नाही.