अर्जाची संहिता आणि समीक्षेचे सोवळे

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅट-जीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून साहित्यचर्चेत एक प्रश्न वारंवार उगाळला जातो : यंत्राला कविता लिहिता येईल काय? या प्रश्नात गृहीत धरलेला लेखक आणि वाचक हे दोघेही साहित्यव्यवहारातलेच आहेत. सामान्य माणूस यंत्राकडे जातो तो बहुधा अर्ज, तक्रार किंवा सांत्वनपत्र लिहून घेण्यासाठी. अशा लेखनाला 'संहिता' मानण्याची तयारी नसलेली समीक्षा त्याच्यावर आळसाचा शिक्का मारून मोकळी होते.

रोलाँ बार्थच्या 1967 मधील निबंधाचा आधार घेऊन लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवणाऱ्यांनीच आता त्याच लेखकाचे सुतक पाळावे, यातील विसंगती उघड आहे. कचेरीबाहेर पैसे देऊन अर्ज लिहून घेणाऱ्या माणसाने लेखकपणाचा दावा कधीच केला नव्हता. मजकूर दुसऱ्याचा आणि अंगठा आपला, ही विभागणी त्याच्या परिचयाची होती. यंत्र त्याच अर्जलेखकाच्या जागी येऊन बसले आहे.

याचा अर्थ या वापराचा निव्वळ गौरव करावा, असा नव्हे. हरियाणातील बिवान गावात 2023 मध्ये 'जुगलबंदी' ही व्यवस्था व्हॉट्सअ‍ॅपवरून सरकारी योजनांची माहिती लोकांच्या भाषेत देऊ लागली. तिची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात विचारलेला प्रश्न आधी इंग्रजीत जात असे आणि उत्तर इंग्रजीतून परत येत असे. या वळशात काय गळते, हा भाषाभ्यासाचाच प्रश्न आहे.

असे गळणे मराठीच्या मराठीतही संभवते. निराधार अनुदानासाठी अर्ज करू पाहणारी एखादी विधवा 'धनी गेल्यापासनं हाताला काम न्हाई' असे फोनमध्ये सांगते, अशी कल्पना करावी. यंत्र लिहून देईल : 'पतीच्या निधनानंतर अर्जदारास उत्पन्नाचे कोणतेही साधन उरलेले नाही.' प्रमाणभाषेच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. पण पहिल्या वाक्यातले काम मागणारे हात दुसऱ्यात नाहीसे झाले आहेत. कष्टकरी स्त्रीची केवळ लाभार्थी झाली आहे.

कचेरीबाहेरचा अर्जलेखकही भाषा बदलत असे. मात्र मुले किती, जमीन कोणाच्या नावावर, हे तो समोर बसून विचारी. चूक झाल्यास दुसऱ्या दिवशी त्याच झाडाखाली सापडे. यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढच्या संभाव्य शब्दाचा अंदाज बांधत जाते. न सांगितलेला तपशीलही ते कधी कधी तितक्याच ठाम सुरात भरून टाकते. सही त्या बाईची असते आणि खोट्या माहितीचा जाबही तिलाच द्यावा लागतो.

1978 मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी समीक्षेला आपली मापे तपासायला लावली. आज तशीच वेळ अर्जाच्या कागदावर आली आहे. बोललेले आणि लिहून आलेले यांतील अंतर वाचणे हे समीक्षेचे काम आहे. तिने ते सोवळ्यापोटी टाळले, तर अर्ज वाचायला कचेरीतला कारकून तेवढा उरेल. आणि त्याच्यासमोर फक्त लिहून आलेलेच असेल.