पहारेकऱ्याची वही

संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या चळवळीतील मंडळी तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळी होतात. 'ते इंजिनिअर पाहून घेतील' असे म्हणून सभेत पुढचा विषय घेतला जातो. परंतु कचेरीतील कोणत्या माणसाने कोणती माहिती पाहावी हे ठरविण्याची जी नवी पद्धत गेल्या पंधरा वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांत रुजली, तिचा संबंध यंत्राशी जितका आहे त्याहून अधिक मालक-नोकर संबंधांशी आहे. ती नीट समजून घेतली पाहिजे.

जुनी पद्धत गिरणीच्या फाटकासारखी होती. कंपनीच्या जाळ्याभोवती 'फायरवॉल' ही भिंत असे. येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवरील पत्ता ती पाही आणि पत्ता आतला असला की वाट मोकळी करी. बाहेरगावचा कर्मचारी 'व्हीपीएन'च्या भुयारातून आत येई. एकदा फाटक ओलांडले की आत कोण कोणत्या खात्यात फिरतो याची फारशी चौकशी नसे. पत्ता यंत्राचा होता, माणसाचा नव्हे.

या व्यवस्थेचे पितळ उघडे पडले हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीत 2013 साली चोर शिरले, ते शीतयंत्रणा सांभाळणाऱ्या एका कंत्राटदाराला दिलेल्या प्रवेशाच्या आधारे. सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली. मे 2021 मध्ये तिथलीच 'कलोनिअल पाइपलाइन' ही तेलवाहिनी काही दिवस बंद पडली. व्हीपीएनचे एक जुने, वापरात नसलेले खाते आणि त्याचा एकच एक पासवर्ड, एवढ्यावर हल्लेखोर आत पोहोचले होते.

यावरचा उपाय त्यापूर्वीच सुचविला गेला होता. 2010 साली जॉन किंडरवाग या विश्लेषकाने त्याला 'झीरो ट्रस्ट', म्हणजे शून्य विश्वास, असे नाव दिले. (विश्वस्ताची कल्पना ऐकत वाढलेल्या माणसाला हे नावच दचकविणारे आहे, असो.) त्याच वर्षाच्या जानेवारीत गूगलने आपल्यावर झालेल्या मोठ्या घुसखोरीची कबुली दिली आणि पुढे याच विचाराने आपले सारे अंतर्गत जाळे नव्याने बांधले. आता तुम्ही कंपनीच्या इमारतीत बसला आहात की घरी, याला किंमत नाही. प्रत्येक विनंतीमागे विचारले जाते: माणूस कोण, त्याचे काम कोणते, हातातील यंत्र कंपनीच्या नोंदीतले आहे काय, ते सुस्थितीत आहे काय? उत्तरे जुळली तर तेवढाच एक दरवाजा उघडतो, शेजारचा नाही. 2020 साली अमेरिकेच्या मानकसंस्थेने या पद्धतीची मार्गदर्शिका काढली आणि 2022 साली तेथील केंद्र सरकारच्या कार्यालयांना ती स्वीकारण्याचा आदेश निघाला.

यात न्यायाचा अंशही आहे. नाशिकला घरून काम करणारी मुलगी आणि मुख्य कचेरीतला साहेब यांची तपासणी एकाच मापाने होते. अशा पद्धतीला सरसकट विरोध करणे हा अडाणीपणा ठरेल.

तथापि फाटकावरचा पहारेकरी आता प्रत्येक मागाशेजारी येऊन उभा आहे आणि त्याच्या हाती वही आहे, हे विसरून चालणार नाही. कोण, केव्हा, कोठून, कोणता कागद उघडू पाहत होता, हे सारे नावानिशी लिहिले जाते. चोर पकडण्यासाठी ठेवलेली ही वही संघटना बांधणाऱ्याचा माग काढण्यासही तितकीच उपयोगी आहे. याचा पडताळा पाहावयाचा तर पुन्हा गूगलकडेच जावे लागते. नोव्हेंबर 2019 मध्ये त्या कंपनीने चार कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. आपल्या कामाच्या कक्षेबाहेरील कागद त्यांनी शोधले व पसरविले, असे कंपनीचे म्हणणे. ते कागद सर्वांनाच खुले होते आणि खरा राग संघटनेच्या कामावर होता, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे. पुढच्याच महिन्यात आणखी एका कर्मचारी स्त्रीची नोकरी गेली. कंपनीने नेमलेल्या, संघटनाविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सल्लागार संस्थेचे संकेतस्थळ कोणी उघडले की संघटनेच्या हक्काची आठवण करून देणारी छोटी सूचना पडद्यावर यावी, अशी सोय तिने केली होती. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने कंपनीवर बेकायदा पाळत ठेवल्याचा व बेकायदा बडतर्फीचा ठपका ठेवणारी तक्रार दाखल केली.

वादाचे मूळ 'कामापुरते' या एका शब्दात होते. कोणाला काय पाहण्याची गरज आहे हे यंत्र ठरवीत नाही. ते कोणीतरी आधी ठरवून यंत्रात घालतो, आणि तो 'कोणीतरी' आज एकतर्फी मालकच असतो. ओळख माणसाची असली तरी परवानगी मालकाची आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये ट्विटरच्या अनेक कर्मचाऱ्यांना नोकरी गेल्याचे प्रथम कळले, ते पत्राने नव्हे; रात्रीतून लॅपटॉप उघडेनासा झाला तेव्हा.

आपल्याकडे 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा ठेवली आहे. जर्मनीत मात्र 1972 च्या कायद्यानुसार कामगारांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारे तांत्रिक साधन बसविण्यापूर्वी निवडून आलेल्या कामगार मंडळाची संमती घ्यावी लागते. एकमत न झाल्यास लवाद निर्णय देतो. त्यामुळे जर्मन कारखाने बुडाले असे कोणी म्हणत नाही.

आणि हे आपल्याला अपरिचितही नाही. 1983 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने भारतीय बँकांच्या संघाशी यांत्रिकीकरणाचा लेखी करार केला होता. संगणक कोणत्या कामासाठी व किती प्रमाणात आणावयाचे याची चर्चा तेव्हा टेबलावर झाली. पुण्या-मुंबईच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत ज्या थोड्या संघटना पाय रोवू पाहत आहेत, त्यांनी आपल्या मागणीपत्रात आता ही चार कलमे घालावीत: नोंदवही किती दिवस ठेवणार, ती कोण उघडू शकणार, परवानगी काढून घेतल्यास लेखी कारण किती तासांत देणार, आणि संघटनेचा पत्रव्यवहार तिच्यातून वगळणार की नाही.