विश्लेषण : जंगलात पुरलेली रायफल किती काळ टिकते? उत्तर दडले आहे बॅरलमधल्या क्रोमच्या थरात

गडचिरोली पोलीस मुख्यालयात १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर आत्मसमर्पण केले. त्या वेळी ५४ शस्त्रे जमा झाली. त्यांत सात एके-४७ आणि नऊ इन्सास रायफली होत्या. चर्चा अर्थातच माणसांची झाली, शस्त्रांची फारशी नाही. पण जी शस्त्रे जंगलातच जमिनीखाली राहिली, त्यांचे काय? पाच-दहा पावसाळ्यांनंतर ती भंगार होतात की पुन्हा चालू शकतात? याचे उत्तर बऱ्याच अंशी बॅरल आतून कसे आहे, यावर ठरते.

साधे बॅरल आणि क्रोमचे बॅरल यांत फरक काय?

रायफलीचे बॅरल म्हणजे पोलादी नळी. तिच्या आत पिळदार खाचा असतात. गोळी या खाचांमधून फिरत बाहेर पडते आणि म्हणून सरळ जाते. या खाचांना रायफलिंग म्हणतात. रायफल हे नावही त्यावरूनच आले. साध्या बॅरलमध्ये गोळी थेट पोलादावर घासत जाते. क्रोमच्या बॅरलमध्ये त्या पोलादावर आतून क्रोमियमचा पातळ थर चढवलेला असतो. त्याची जाडी साधारण १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी.

हा थर काय करतो, हे घुग्घुसकरांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. कोळसा खाणीतल्या एक्सकॅव्हेटरचा किंवा गावातल्या जेसीबीचा हायड्रॉलिक जॅक आठवा. बाकी यंत्र धुळीने काळे पडलेले असते, पण जॅकमधून आत-बाहेर होणारा दांडा आरशासारखा चमकतो. ते हार्ड क्रोम प्लेटिंग असते. पाऊस, चिखल, कोळशाची धूळ यांतही दांडा लवकर गंजत नाही आणि झिजत नाही. बॅरलच्या आत हेच तंत्र वापरतात. फरक इतकाच, की दांड्यावर थर बाहेरून दिसतो, बॅरलमध्ये तो आत लपलेला असतो.

क्रोमियम साधारण १९०० अंश सेल्सिअसला वितळते, लोखंड सुमारे १५४० अंशांना. हार्ड क्रोम बॅरलच्या पोलादापेक्षा कितीतरी कठीणही असते. त्यामुळे पेटत्या दारूचा तडाखा, गोळीचे घर्षण आणि ओलावा या तिन्हींपासून बॅरलचे संरक्षण होते.

थ्री-नॉट-थ्रीचे दुखणे कोणते होते?

ब्रिटिश सैन्याची ली-मेटफोर्ड रायफल १८८८ मध्ये आली. काही वर्षांतच तिच्यासाठी कॉर्डाइट ही नवी दारू वापरात आली. ती इतकी गरम जळे, की ली-मेटफोर्डच्या उथळ खाचा झपाट्याने झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये खोल, चौकोनी खाचांची ली-एनफिल्ड आली. पुढे भारतीय पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशके राहिलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच. बॅरल मात्र साध्या पोलादाचेच राहिले.

झिजेपेक्षा मोठा शत्रू होता गंज. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनात पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी झाडल्यावर त्यातून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार बॅरलमध्ये उरे. तो मिठासारखाच हवेतला ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात आपल्या घरातले मीठ पाझरते, तसेच. म्हणून गोळीबारानंतर बॅरलमध्ये उकळते पाणी ओतायचे, मग दोरीला चिंदी बांधून ‘पुलथ्रू’ मारायचा आणि शेवटी तेल लावायचे, अशी सैन्याची शिस्त होती. नुसत्या तेलाने क्षार विरघळत नाही, त्यामुळे पाणी टाळले की तेलाखालीही गंज धरतो.

१९६२ च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात याच बांधणीची ७.६२ मिमीची इशापूर २ए रायफल तयार झाली. नंतर सैन्याकडे नवी शस्त्रे येत गेली आणि जुनी पोलिसांकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-४७ समोर पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होत्या, हे सर्वांना आठवत असेल. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर या रायफलीला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

क्रोमचा धडा जगाने कुठे घेतला?

दमट जंगलात. दुसऱ्या महायुद्धात जपानने पॅसिफिक बेटांवर लढणाऱ्या सैनिकांना दिलेल्या टाइप ९९ अरिसाका रायफलीत क्रोमचे बॅरल होते. सोव्हिएत संघाने एके-४७ साठी हाच मार्ग धरला. तिचे बॅरल आणि ज्यात काडतूस बसते तो चेंबर, दोन्हींना आतून क्रोम असते.

अमेरिकेला हा धडा व्हिएतनाममध्ये महागात पडला. तिथे गेलेल्या एम-१६ रायफलीत सुरुवातीला क्रोम नव्हते. त्यातच दारूचा प्रकार बदलला आणि ‘हिला फारशी सफाई लागत नाही’ या समजुतीपोटी अनेक सैनिकांना सफाईचे साहित्यही मिळाले नाही. चेंबर गंजले, झाडलेली पुंगळी आत अडकू लागली आणि ऐन लढाईत रायफली बंद पडल्या. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने याची चौकशी केली. आधी चेंबरला आणि पुढे संपूर्ण बॅरलला क्रोम आले. भारताच्या ५.५६ मिमी इन्सासचे बॅरलही आतून क्रोमचे आहे.

मग सगळीच बॅरल क्रोमची का नसतात?

कारण क्रोमची किंमत अचूकतेत मोजावी लागते. थर सगळीकडे अगदी सारखा बसवणे कठीण असते. काही मायक्रॉनचा फरकही लांबच्या नेमावर परिणाम करतो. म्हणून स्पर्धेच्या आणि अनेक स्नायपर रायफलींत आजही क्रोमविना बॅरल पसंत करतात. दुसरे कारण आरोग्याचे. या प्लेटिंगसाठी लागणारे हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपात त्याच्या वापरावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवण्याच्या नायट्रायडिंग तंत्राकडे अनेक उत्पादक वळले आहेत.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या रायफली आतून वेगळ्या असू शकतात, हेही लक्षात ठेवायला हवे. युगोस्लाव्हियात बनलेली जुनी एम-७० दिसायला एकेच, पण तिच्या बॅरलमध्ये क्रोम नव्हते. अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली विकत घेणारे लोक म्हणूनच आधी देश आणि साल विचारतात.

गडचिरोलीसाठी याचा अर्थ काय?

माओवाद्यांची चांगली शस्त्रे बहुतांशी सुरक्षा दलांकडूनच लुटलेली आहेत. ओडिशातील कोरापूट (२००४) आणि नयागड (२००८) येथे शस्त्रागारांवर हल्ले झाले. छत्तीसगडमधील ताडमेटला येथे २०१० मध्ये ७६ जवान शहीद झाले आणि त्यांची शस्त्रे नेण्यात आली. अशी शस्त्रे वापरात नसताना ड्रममध्ये किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीत पुरली जातात. पोलिसांच्या भाषेत हा ‘डम्प’.

डम्पमध्ये पाणी शिरले, तर गावठी भरमार बंदूक किंवा थ्री-नॉट-थ्री लवकर हार मानते. बॅरलमध्ये खड्डे पडतात, नेम जातो, गंज खोल गेला तर गोळी झाडणेही धोक्याचे ठरते. एके किंवा इन्सासचे बॅरल मात्र त्याच खड्ड्यातून बरे निघण्याची शक्यता जास्त. अर्थात क्रोम म्हणजे अमरपट्टा नव्हे. थर कुठे उडाला, की ओलावा त्याखाली शिरतो. जॅकच्या दांड्यावर ओरखडा पडला की तिथूनच गंज सुरू होतो, तसे. शिवाय स्प्रिंग आणि इतर सुट्या भागांना क्रोमचे कवच नसते. काडतुसे तर अनेकदा बंदुकीच्या आधी निकामी होतात. पण स्प्रिंग बदलता येते, काडतुसे नवी आणता येतात. शस्त्राचा जीव बॅरलमध्ये असतो.

तपासासाठीही हा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रत्येक बॅरल गोळीवर आपल्या खुणा सोडते. त्यावरून जुन्या घटनेतली गोळी कोणत्या रायफलीतून सुटली, हे न्यायसहायक प्रयोगशाळेत ताडता येते. बॅरल गंजले, की या खुणा बदलतात किंवा पुसल्या जातात. बॅरल शाबूत असेल, तर एखाद्या जुन्या हत्येचा धागा वर्षांनंतरही सापडू शकतो.

परवानाधारकांनी काय लक्षात घ्यावे?

भारतात .३०३ आणि ७.६२ मिमी ही लष्करी बोअर सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित आहेत. परवान्यावर मिळणारी .३१५ रायफल मात्र ली-एनफिल्डच्याच बांधणीवर बेतलेली आहे. तेव्हा थ्री-नॉट-थ्रीचा नियम तिलाही लावलेला बरा: पावसाळ्यात ती कपाटात ठेवून विसरू नये. चामड्याच्या कव्हरमध्ये ओल साचते. बॅरलमध्ये खड्डे दिसले, तर गोळी झाडून पाहण्याऐवजी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्यावी.

पुढे काय?

केंद्राने देश नक्षलमुक्त करण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती. त्याचा हिशेब आत्मसमर्पण केलेल्यांच्या आकड्यावरून मांडला जातो. पण शरण आलेला माणूस मोजता येतो, पुरलेली रायफल मोजता येत नाही. लुटलेल्या प्रत्येक शस्त्राचा नोंदणी क्रमांक सरकारी दफ्तरात असतो. किती लुटली, किती परत आली आणि त्यांतली किती एके व इन्सास होती, याची राज्यनिहाय यादी जुळवली, तर जंगलात अजून काय पडून आहे याचा अंदाज येईल. थ्री-नॉट-थ्रीच्या बाबतीत काळ पोलिसांच्या बाजूने आहे. क्रोमच्या बॅरलबाबत तसा भरवसा धरता येत नाही.